चौथा रकाना

तंजावूरच्या मराठी घरांतल्या माणसांना एक खोड आहे. परक्याच्या समोरच त्याच्याविषयी बोलायचं झालं, की ती हळूच तमिळ सोडून मराठीत शिरतात आणि दार लावून घेतल्यासारखी निर्धास्त होतात. बसमध्ये, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत... समोरच्याचं पोट, नाक, चप्पल, सगळ्याचा निकाल लावून पुन्हा हसत तमिळ बोलायला मोकळी.

लक्ष्मीप्रियानेही तेच केलं. राजवाड्यालगतच्या गल्लीत तिच्या मामांचं, बाळकृष्णरावांचं, फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. शिक्षण संपवून ती तिथेच रुजू झाली होती. त्या दिवशी समोर बसलेल्या तरुणाने नाव सांगितलं कल्याणराम, गाव तिरुवैयारू, काम व्हायोलिन आणि तक्रार डाव्या हाताच्या अनामिकेची... सगळं अस्सल तमिळमध्ये. तिने बोट दाबलं, वाकवलं, ओढून पाहिलं. दुखत नव्हतं. सूज नव्हती.

मग मान न वळवता ती मामांना मराठीत म्हणाली, "मामा, ह्याला काही झालेलं नाही. सुट्टीसाठी सर्टिफिकेट हवं असेल. हात मात्र सुंदर आहेत."

मामा पेपर वाचत राहिले. तरुणाने हात होता तसाच तिच्या हातात राहू दिला.

"सुट्टी नको," तो मराठीत म्हणाला. "आणि हातांचं म्हणाल तर... आमच्या आईचं मत पण तेच आहे."

लक्ष्मीप्रियाने हात सोडला. तो इतका घाईघाईने, की टेबलावर आपटला. मामा पेपरामागे खोकले. ते खोकणं नव्हतं हे तिघांनाही कळलं.

नंतर त्याने नीट सांगितलं. कॉफीचा टंबलर धरताना, शर्टाची बटणं लावताना, सायकलचा ब्रेक दाबताना बोट शहाण्यासारखं वागत होतं. फक्त व्हायोलिन खांद्याला टेकवलं की ते आपोआप तळव्याकडे वळायचं... कुणी आतून दोरा ओढल्यासारखं. चार महिन्यांपूर्वी क्वचित व्हायचं. आता रोज. हे त्याने गुरूंना सांगितलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते ह्या दोघांना, आणि तेही त्यांनी आधी नावं ठेवल्यावर.

लक्ष्मीप्रियाने या दुखण्याचं नाव कॉलेजात एका तासाला ऐकलं होतं आणि परीक्षेनंतर विसरली होती. फोकल डिस्टोनिया. हाताला काही होत नाही. हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूचा गोंधळ होतो, आणि तोही एकाच कामापुरता. गुरुवारी या, तोवर मी वाचून ठेवते, असं तिने सांगितलं. तो गेल्यावर मामा म्हणाले की सुंदर हातांची नोंद केसपेपरवर करायची राहिली.

तिच्या स्वभावाचा ताळेबंद मांडायचा तर जमेला कष्ट, चौकसपणा आणि कुणालाही न दुखवणारा हात. नावे बाजूला एकच गोष्ट... वाईट बातमी सांगायची वेळ आली की ती पाणी आणायला उठायची. परत येईपर्यंत मामांनी सांगून टाकलेलं असायचं. क्लिनिकमध्ये हे दोघांच्याही सोयीचं होतं आणि म्हणून त्यावर कधी बोलणं झालं नाही.

वाचायचं म्हणजे फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या ऑनलाइन ग्रंथालयात. जगभरातले फिजिओथेरपीचे शोधनिबंध तिथे होते, मामांच्या सभासदत्वावर. मामा स्वतः त्यात 'गुडघेदुखी' एवढं टाकायचे, हजारो निबंध अंगावर आले की लॅपटॉप मिटायचे आणि आपल्या अनुभवाकडे वळायचे. लक्ष्मीप्रिया मात्र त्या ग्रंथालयात माशासारखी फिरायची.

गुरुवारी कल्याणरामला तिने शेजारची खुर्ची दिली. पेशंटने स्क्रीन पाहायची काही गरज नव्हती. पण खुर्ची दिली.

"मी हुडकू?" त्याने विचारलं आणि परवानगीची वाट न पाहता इंग्रजीत अख्खं वाक्य टाइप केलं... मी वाजवायला लागलो की माझं बोट आत जातं, त्याला काय करावं. ग्रंथालयाने उत्तर दिलं, काही सापडलं नाही.

"जगात मी एकटाच दिसतो," तो म्हणाला.

"ग्रंथालयाला गोष्ट सांगायची नसते. प्रश्नाचे तुकडे करून द्यायचे असतात."

तिने त्याला चार रकाने दाखवले. पहिल्यात माणूस कोण. दुसऱ्यात झालंय काय. तिसऱ्यात उपाय कोणता. चौथ्यात परिणाम. चारही भरलेच पाहिजेत असं नाही. एकाच गोष्टीला लोक निरनिराळी नावं देतात, म्हणून पहिल्यात वादक किंवा व्हायोलिनवादक किंवा संगीतकार. दुसऱ्यात आजचं नाव, किंवा जुन्या डॉक्टरांनी दिलेली नावं... वादकाचा पेटका, व्यावसायिक पेटका. दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत बांधायचं. एक चांगला निबंध हाती लागला की त्याच्या शेवटची यादी पाहायची, म्हणजे तो कुणाच्या खांद्यावर उभा आहे ते कळतं. आणि नंतर त्याचा उल्लेख कुणी केला तेही पाहायचं, म्हणजे त्याला कुणी खोडलंय का ते कळतं.

तो स्क्रीनकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता.

"हे 'किंवा' आणि 'आणि' कशाला?"

"'किंवा'ने पसारा वाढतो. 'आणि'ने कमी होतो. 'आणि' लावलं की दोघं एकाच पानावर असावी लागतात."

"बरं." तो थोडा थांबला. "लक्ष्मीप्रिया आणि कल्याणराम असं टाकलं तर?"

"काही सापडणार नाही."

"आज नाही सापडणार," तो म्हणाला. ती पुढचं पान उघडण्यात फार गुंतली आहे असं दाखवत राहिली. पान केव्हाचं उघडलेलं होतं.

त्या गुरुवारनंतर पुढचे सगळे गुरुवार त्याचेच झाले. तो तिरुवैयारूहून बसने यायचा, येताना कधी केळीच्या पानात बांधलेली मोगऱ्याची माळ मामांच्या टेबलावरच्या देवासाठी आणायचा. देवाला अर्धीच मिळायची. दोघांपैकी कुणालाच देवनागरी धड वाचता येत नव्हती, म्हणून फोनवर ते एकमेकांना तमिळ अक्षरांत मराठी लिहायचे. 'जेवलात की?' एवढ्या प्रश्नाला तासभर उत्तरं चालायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं. त्यांनी फक्त गुरुवारी दुपारी लवकर घरी जायला सुरुवात केली.

मग जाहिरात आली. एका सरकारी संगीत विद्यालयात शिक्षकांच्या दोन जागा होत्या. एक व्हायोलिनची, तिच्यासाठी निवड समितीपुढे वाजवून दाखवायचं. दुसरी गायन आणि शास्त्राची. कल्याणरामचा गळा चांगला होता, शास्त्र तोंडपाठ होतं. ती जागा त्याच्या जवळपास हातात होती. पण अर्ज एकाच जागेसाठी करायचा होता. घरी वडील थकलेले, संसार शिकवण्यांवर चाललेला. अशी कायमची नोकरी पुन्हा केव्हा निघेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तो गुरुवार नसताना आला.

"तू सांग," तो म्हणाला. "गायनाचा भरला तर नोकरी मिळेल आणि व्हायोलिन सुटेल. मज दोन्ही जमणार नाही, मी स्वतःला ओळखतो. बोट बरं होणार असेल तर व्हायोलिनचा भरतो. होईल?"

मामा घरी गेले होते. पाणी आणायला उठून उपयोग नव्हता.

ती लॅपटॉपपुढे बसली. तीन रकाने तयारच होते. तिने त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीच्या कडेवर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत निकाल ऐकणाऱ्यासारखा... आणि तिने चौथा रकाना भरला. 'पुन्हा मंचावर'.

निबंध आले. थोडेच, पण काय सुंदर. कुणी पियानोवादक वर्षभरात परत वाजवू लागला होता. कुणी गिटारवादक. एका व्हायोलिनवादक बाईंनी तर पुढे दौरा केला होता. लक्ष्मीप्रियाने एकेक वाचून दाखवला, मराठीत, आवाजाला गोडवा आणून. तिने एकही शब्द खोटा सांगितला नाही.

"होईल," ती म्हणाली.

त्याने तिच्याच टेबलावर, तिच्याच लॅपटॉपवर व्हायोलिनचा अर्ज भरला. मग उठता उठता तिच्या केसांतली सुटलेली मोगऱ्याची कळी डाव्या हाताने नीट खोवली. बोट अजिबात वळलं नाही. दोघांनी तो शुभशकुन धरला. शिकलेली माणसंही काय काय धरतात.

मधल्या आठवड्यांत तिने त्याला बोटांचे व्यायाम दिले आणि तो घरी दिवसचे दिवस सराव करत राहिला. दर गुरुवारी ती विचारायची, कसं आहे? तो सांगायचा, बरं. पुढच्या गुरुवारी, अजून बरं. दुसरा कुणी पेशंट असता तर ती म्हणाली असती, वाद्य आणा, माझ्यासमोर वाजवा, मी बघते. ह्याला तिने एकदाच म्हटलं. निवड होईपर्यंत कुणासमोर वाजवायचं नाही अशी गुरूंची ताकीद आहे, असं तो म्हणाला. गुरूंना तर त्याने बोटाविषयी काही सांगितलंच नव्हतं; मग ताकीद कशी, हे तिच्यासारख्या चौकस मुलीने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. तिला उत्तर आवडलं होतं.

निवड ऐप्पसी महिन्यात, पावसाच्या ऐन दिवसांत झाली. ती रजा काढून त्याच्याबरोबर गेली. विद्यालयाच्या पत्र्याच्या पडवीत ती दोन छत्र्या धरून उभी राहिली, तो आत गेला आणि दार लागलं.

त्याचं वाजवणं तिने आजवर ऐकलेलं नव्हतं. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की सुरुवात तिला कळलीच नाही. मग सर ओसरली आणि आतून तोडी आली... सावकाश, एकेका सुरावर रेंगाळत, मऊ. तिच्या अंगावर काटा आला. हा माणूस असं वाजवतो आणि आपण त्याला रबरी चेंडू दाबायला देतो. पुढे लय वाढली. एक सूर घसरला. तो परत गेला, तीच जागा पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच घसरला. तिला संगीत कळत नव्हतं, पण पायरी नसलेल्या जागी पाय पडणं कुणालाही कळतं. थोडा वेळ तो दोनच बोटांवर वाजवत राहिला असावा. सूर चोख होते, पण तोडी लंगडत होती. आणि मग मध्येच थांबली. पाऊस पुन्हा सुरू झाला.

तो बाहेर आला तेव्हा पेटी त्याच्या उजव्या हातात होती. डावा हात खिशात. तिने छत्री पुढे केली. ती त्याने घेतली, उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. बसमध्ये तो खिडकीकडे बसला. तंजावूर येईपर्यंत शेतांत साचलेल्या पाण्याविषयी बोलत राहिला... यंदा सांबा हंगामाचं भात चांगलं येईल, असं काहीतरी.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. फोनवर 'जेवलास की?' तसंच पडून राहिलं. गायनाची जागा कुणा दुसऱ्याला मिळाल्याची बातमी मामांनीच आणली. दुपारी मामा घरी गेले नाहीत. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, कसं हुडकलंस ते दाखव.

तिने चार रकाने उघडून दाखवले. मामांनी चष्मा वर केला, खाली केला.

"दुसरा कुणी पेशंट असता," ते म्हणाले, "तर हा चौथा भरला असतास?"

ती पाणी आणायला उठू लागली.

"तू ग्रंथालयाला विचारलं नाहीस, पोरी. बरं झालेल्यांनाच तेवढं बोलवून आणलंस. जे बरे झाले नाहीत ते बाहेरच उभे राहिले." मग तेच उठले आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

ते घरी गेल्यावर तिने चौथा रकाना पुसला.

पानभर निबंध होते त्यांची पानांमागून पानं झाली. दौरा केलेल्या बाई तिसऱ्या पानावर होत्या, एकट्या. पंधरा-वीस वर्षं वादकांच्या मागे राहून केलेले अभ्यास होते. बरेच जण थोडे सुधारले होते. काही जण शिकवण्यापुरते परतले होते. मंचावर परतलेले फार थोडे. आणि जवळजवळ प्रत्येक निबंधात सुरुवातीला एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतं... आधी वाद्य खाली ठेवा. सराव जितका जास्त, तितका मेंदूचा गोंधळ पक्का होत जातो. ती वाचत गेली. त्याला तिने दिवसचे दिवस सराव करू दिला होता.

त्यांपैकी एका निबंधाचा उल्लेख अलीकडे कुणी केलाय हे पाहताना चेन्नईतल्या एका हस्तचिकित्सक बाईंचं नाव निघालं. त्या फक्त वादकांवर काम करायच्या. लक्ष्मीप्रियाने त्यांना लिहिलं, जसं घडलं तसं, आपली चूक न गाळता. त्यांचं उत्तर आलं. दीड-दोन वर्षं लागतील. इथे येऊन राहावं लागेल. पहिलं वर्ष व्हायोलिनला हात लावायचा नाही. खात्री कशाचीच नाही.

कल्याणरामला तिने बोलावून घेतलं, आणि तो आला. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि रिकामा चौथा रकाना दाखवला. काय केलं होतं ते सांगितलं. सांगताना ती उठली नाही. तो सगळं ऐकून हसला. ते हसू पाहून तिला रडू आलं.

"मज ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बोट बरं होत नव्हतं. आठवड्या-आठवड्याने वाईट होत होतं. तू 'कसं आहे' विचारायचीस आणि मी 'बरं' म्हटलं की तुझा चेहरा असा व्हायचा... मी पुढच्या गुरुवारी पण तेच म्हणायचो. गुरूंची ताकीद-बिकीद काही नव्हती."

"काय म्हणून सांगितलं नाहीस?"

"तू काय म्हणून सांगितलं नाहीस?"

यावर दोघांपाशी उत्तर एकच होतं आणि ते सांगून काही भरून निघणार नव्हतं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करण्यासाठी किक मारत होतं, ती सुरूच होत नव्हती.

"इथेच राहून करता नाही का येणार?" तिने विचारलं. "त्या बाई सांगतील तसं मी करवून घेईन."

"नको." तो हळू बोलला, पण लगेच बोलला. "तुझ्यासमोर मी बरा नसलो तरी बरा म्हणणार. सवय लागली आहे, प्रिया. मज असं कुणी हवं, ज्याच्या चेहऱ्याकडे बघून मी उत्तर बदलणार नाही."

त्याने जायचा दिवस निवडला तो नेमका पुष्य महिन्यातल्या आराधनेचा, तिरुवैयारूच्या संत-संगीतकाराच्या पुण्यतिथीचा. कदाचित मुद्दाम नसेल. चेन्नईच्या बाईंनी दिलेली तारीख ती होती. त्या दिवशी सारं जग वाद्यं घेऊन तिरुवैयारूला येतं. बसमधून वीणा उतरत होत्या, मृदंग उतरत होते, रेशमी साड्यांतल्या बायका व्हायोलिनच्या पेट्या छातीशी धरून कावेरीच्या दिशेने चालत होत्या. आणि गावचा हा मुलगा त्या गर्दीच्या उलट, पाठीला एक पिशवी लावून, बसथांब्यावर उभा होता. वाद्य त्याने आईच्या कपाटात ठेवलं होतं आणि आपण मागितली तरी किल्ली देऊ नये म्हणून तिला शपथ घातली होती.

लक्ष्मीप्रिया तंजावूरहून सकाळीच आली होती. दोघांनी टपरीवर कॉफी घेतली. बोलणं निघालं ते चेन्नईच्या पाण्याचं, खोलीच्या भाड्याचं, तिथल्या दोन घरांत गायन शिकवायचं ठरलं होतं त्याचं. बस येताना दिसली तेव्हा त्याने टंबलर खाली ठेवला.

"एक विचारू? आता तुला हुडकता येतं म्हणून विचारतो." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी पुन्हा वाजवीन?"

तिच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. तो तिने गिळला.

"बहुतेक नाही," ती म्हणाली. "मंचावर तरी नाही. शिकवण्यापुरतं... कदाचित."

त्याने दीर्घ श्वास सोडला. वाईट वाटलं असणारच. पण खांदे मात्र सैल झाले, ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखे.

"आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "हे तुला आधी सांगितलं असतं तर ते पण तू गोड करून घेतलं असतंस. आज खरं ऐकशील म्हणून आज सांगतो."

"माझंही आहे." एवढं तिला लगेच सांगता आलं.

"वाट पाहशील?"

बस थांबली. आतून मृदंगवाले उतरू लागले. कंडक्टर तिरुचीच्या नावाने ओरडत होता, पुढची गाडी तिथून होती. लक्ष्मीप्रियाला उत्तर माहीत असायला हवं होतं. प्रेमकथेतल्या मुलींना ते नेहमी माहीत असतं. तिने त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, पहिल्या दिवशी घेतला होता त्याहून फार हळू.

"प्रेम आहे ते ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांचं ठाऊक नाही, कल्याण. पाहीन म्हणून सांगणं सोपं आहे. सांगू?"

"नको सांगू," तो म्हणाला. आणि चढला.

बस वळणापर्यंत दिसली. मग एका म्हाताऱ्या बाईंनी तिला तमिळमध्ये विचारलं की आराधनेचा मांडव कोठे, आणि त्यांची वीणा जड होती म्हणून एका बाजूने ती धरून लक्ष्मीप्रिया त्यांच्याबरोबर नदीपर्यंत गेली. मांडवात शेकडो माणसं जमिनीवर बसून वाद्यं लावत होती. आधी नुसता गोंगाट होता. मग हळूहळू एकेक तार दुसरीला मिळत गेली, आणि सगळ्यांचा मिळून एक सूर झाला, मोठा, स्थिर, कावेरीच्या पात्रावर पसरलेला.

तो सूर जुळेपर्यंत ती उभी राहिली. गाणं सुरू व्हायच्या आत परतली.